देशांची आणेवारी

‘भारत हा एक विकसनशील देश आहे.’ भूगोलाच्या पेपरात हे वाक्य कधीच लिहिलं नाही असा माणूस आपल्यात सापडणं कठीण. प्रश्न लोकसंख्येचा असो, शेतीचा असो नाहीतर वाहतुकीच्या साधनांचा, सुरुवातीला हे वाक्य टाकलं की गाडी रुळावर लागायची. बाईही त्याला कधी फुली मारत नसत. पण हे ठरवलं कोणी? कुठल्या कचेरीत? आणि ‘तुम्ही आता विकसित झालात हो’ असा शिक्का मारून देणारा साहेब नक्की बसतो कुठे?

गेले काही महिने या प्रश्नाच्या मागे लागून सवडीने वाचत होतो. त्यातलं जे डोक्यात राहिलं ते इथे मांडतोय. अर्थशास्त्र म्हटलं की ज्यांना जांभई येते (यात आमच्या घरची निम्मी मंडळी आली), त्यांनी घाबरू नये. गणित फारसं नाही, गोष्टी बऱ्याच आहेत.

आधी शब्दाबद्दल थोडं. ‘विकसनशील’ हा मोठा सभ्य शब्द आहे. सहनशील, विनयशील, तसा विकसनशील. म्हणजे विकास पावणं हा ज्याचा स्वभावच आहे असा! इतकी चांगली वागणूक या देशांना पूर्वी मिळत नसे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी लिखाणात देश दोन प्रकारचे: ‘सुधारलेले’ आणि ‘रानटी’. मग ‘मागासलेले’ आले. मग ‘अविकसित’, ते बोचतं म्हणून ‘अल्पविकसित’, आणि शेवटी ‘विकसनशील’. देश तेच, माणसं तीच, नाव बदलत गेलं. घरात कामाला येणाऱ्या बाईंना आपण काय म्हणतो ते जसं पिढ्यापिढ्यांत बदललं, पण पगाराचा विषय निघाला की सगळे घड्याळाकडे बघतात, तसंच काहीसं.

पण नुसत्या शब्दांवर थांबलो तर खरी गोष्ट हातातून सुटेल. खरी गोष्ट मला कळली ती आणेवारीमुळे.

आमचं मूळ गाव माण तालुक्यातलं. पाऊस तिकडे पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो, आणेवारी म्हणजे गावातलं पीक यंदा किती आलं याचा सरकारी अंदाज. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे कागदावर ‘पैसेवारी’ हा शब्द आला, पण लोकांच्या तोंडी आणेवारीच राहिली. ती आधी हंगामी निघते, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईग्रस्त. मग शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ. एकावन्न आली की यातलं काही नाही. शिवार तेच, विहिरीचा तळ तोच, पण दोन पैशांनी सगळं बदलतं.

आमचे तात्या (माझ्या वडिलांचे वडील) दरवर्षी आणेवारी पन्नासच्या आत यावी म्हणून देवापाशी बसायचे. आणि हेच तात्या धाकट्या काकांसाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांना म्हणाले, “आमच्याकडे सोळा आणे पिकतं.” घरात हा किस्सा अजून सांगतात आणि सगळे हसतात. मीही हसायचो. पण या विषयावर वाचायला लागल्यावर लक्षात आलं की तात्या दोन्ही ठिकाणी शहाण्यासारखंच वागत होते. एका ठिकाणी सवलत वाटली जात होती आणि दुसऱ्या ठिकाणी अब्रू. जगातले देशही गेली ऐंशी वर्षं नेमकं हेच करत आलेत.

आता इतिहासाकडे वळू.

गरिबीचा आकडा काढून तो राज्यकर्त्यांसमोर ठेवणारा आपला पहिला मोठा माणूस म्हणजे दादाभाई नौरोजी. १८७६ साली मुंबईत त्यांनी भारताच्या गरिबीवर एक निबंध वाचला. त्यात त्यांनी एकेका प्रांताचं पीक घेतलं, त्याला बाजारभावाने गुणलं, बाकीचं उत्पादन मिळवलं आणि माणशी भागलं. १८६७-६८ साठी उत्तर आलं वर्षाला २० रुपये. नुसता हा आकडा वाचून कोणाला काय कळणार? म्हणून दादाभाईंनी त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवला: सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च करतं. तो खर्च या वीस रुपयांपेक्षा जास्त निघाला. म्हणजे देशातली सगळी पैदास अगदी समान वाटली असती, तरी बाहेरच्या मोकळ्या माणसाला कैद्याइतकंही मिळालं नसतं. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

सरकारला हे झोंबलं. १८८२ साली सरकारी अंदाज आला २७ रुपयांचा. १९०१ साली लॉर्ड कर्झन म्हणाले ३० रुपये. त्याच वर्षी विल्यम डिग्बी नावाच्या इंग्रजानेच पुस्तक लिहून तो आकडा अठराच्या आत असल्याचं मांडलं. एकच देश, एकच काळ आणि आकडे अठरापासून तीसपर्यंत. आकडा कोण काढतं आणि कशासाठी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर देशांना चक्क वर्ग देण्यात आले, आणि ते दिले लीग ऑफ नेशन्सने. जर्मनी आणि तुर्कस्तान हरले होते, त्यांच्या ताब्यातल्या मुलखाचं काय करायचं? १९१९ च्या लीगच्या सनदेत एक कलम घातलं, बाविसावं. त्याचा आशय असा की, आजच्या जगाच्या धकाधकीत हे लोक अजून स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत, तेव्हा प्रगत राष्ट्रांनी त्यांचा सांभाळ करावा, आणि हा सांभाळ त्या लोकांच्या विकासाच्या पायरीप्रमाणे वेगवेगळा असावा. त्यातून तीन तुकड्या झाल्या: ए, बी आणि सी. इराक, सीरिया, पॅलेस्टाइन ए मध्ये, म्हणजे जवळजवळ पास. टांगानिका बी मध्ये. आणि नैऋत्य आफ्रिका सी मध्ये. तो मुलूख दक्षिण आफ्रिकेने आपलाच भाग समजून चालवावा असं ठरलं. या तुकड्या पाडताना तिथल्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं हे वेगळं सांगायला नको. (ही नैऋत्य आफ्रिका लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.)

इथवर याद्या वरून खाली येत होत्या. मग १९४४ साल उजाडलं आणि एक उलटी गोष्ट घडली. त्यात आपला एक मराठी माणूस आहे, म्हणून मी जरा रेंगाळणार आहे.

जुलै १९४४. दुसरं महायुद्ध अजून चालू होतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वुड्स नावाच्या ठिकाणी एका हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. युद्धानंतर जगाचा पैशाचा व्यवहार कसा चालावा ते ठरवायला. तिथेच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या जुळ्यांचा जन्म झाला. भारत तेव्हा पारतंत्र्यात, पण त्याचं वेगळं शिष्टमंडळ होतं. प्रमुख होते इंग्रज अर्थसदस्य जेरेमी रेझमन, पण सोबत षण्मुखम चेट्टी होते, ए. डी. श्रॉफ होते, आणि होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, संस्कृतचे पंडित, मेघदूत मराठीत आणणारे, आणि वर्षभरापूर्वीच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले.

या मंडळींनी तिथे एक मागणी लावून धरली. नाणेनिधीच्या उद्दिष्टांमध्येच आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्या देशांचा उल्लेख असावा, त्यांची साधनसंपत्ती वापरात यावी हेही निधीचं काम मानावं. मोठ्या देशांना ते नको होतं. नाणेनिधीच्या बाबतीत मागणी फेटाळली गेली. पण जागतिक बँकेच्या घटनेतल्या पहिल्याच कलमात, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांच्या पुनर्उभारणीबरोबरच, कमी विकसित देशांतल्या उत्पादनसाधनांचा विकास असे शब्द आले. आजही ते तिथे आहेत.

मला यात विशेष वाटलं ते हे. ‘आम्हाला मागासलेले म्हणा’ असं म्हणायला कोणाला आवडेल? ही माणसं स्वाभिमानी होती. याच परिषदेत भारताचा वाटा चीनच्या बरोबरीने असावा म्हणूनही ती भांडत होती. म्हणजे सकाळी बरोबरीच्या मानासाठी भांडण आणि दुपारी मागासलेपणाची नोंद व्हावी म्हणून आग्रह. तात्याच की हो! आणि दोन्ही मागण्या खऱ्या होत्या. यादीत नाव नसेल तर वाटपात हिस्सा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढची काही वर्षं नावांचा सुकाळ होता. २० जानेवारी १९४९ ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी पदग्रहणाच्या भाषणात चौथा मुद्दा म्हणून ‘अल्पविकसित भागांना’ आपलं तंत्रज्ञान देण्याची घोषणा केली आणि तो शब्द जगभर झाला. १९५२ मध्ये आल्फ्रेड सोव्ही या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञाने एका साप्ताहिकात ‘तिसरं जग’ हा शब्द वापरला. आपल्याला वाटतं पहिला नंबर, दुसरा नंबर, तिसरा नंबर. तसं ते नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधी सरदार आणि धर्मगुरू सोडून उरलेली सगळी रयत म्हणजे ‘तिसरा वर्ग’. तो वर्ग जसा एक दिवस उठला तसे हे देशही उठतील, असा सोव्हींचा रोख होता. धमकीवजा शब्द होता तो. त्याचा पुढे ‘गलिच्छ’ या अर्थाचा शब्द कधी झाला ते कोणाला कळलंही नाही.

नंतर आली संयुक्त राष्ट्रांची यादी, आणि ती मला सगळ्यात रोचक वाटते. १९६४ साली जिनिव्हात गरीब देशांनी एकत्र येऊन ७७ जणांचा गट केला. पण गरिबांतही फार गरीब असतात. ब्राझील आणि नेपाळ एकाच पंगतीत बसले तर वाढप्याची पळी ब्राझीलच्याच पानावर थांबणार. म्हणून नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘सर्वांत कमी विकसित’ अशा २५ देशांची वेगळी यादी झाली. निकष तीन: माणशी उत्पन्न १०० डॉलरच्या आसपास किंवा खाली, कारखानदारीचा वाटा दहा टक्क्यांच्या आत, आणि लिहिता-वाचता येणारे प्रौढ वीस टक्क्यांच्या आत. भारत या यादीत कधीच नव्हता. नेपाळ, भूतान, मालदीव होते. बांगलादेश १९७५ मध्ये आला.

आणि त्या पहिल्या पंचविसात सिक्कीम होतं! १९७५ साली सिक्कीम भारतात विलीन झालं आणि यादीतून आपोआप गेलं. या यादीतून बाहेर पडलेलं पहिलं नाव ते. श्रीमंत झालं म्हणून नव्हे, देश राहिलं नाही म्हणून. :-) रीतसर परीक्षा देऊन बाहेर पडलेला पहिला देश बोत्स्वाना, तोही १९९४ साली. म्हणजे यादी सुरू झाल्यावर तेवीस वर्षांनी. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात तिथे हिरे सापडले होते, आणि त्यांचा पैसा बराचसा शाळा-रस्त्यांवर लागला.

आता जागतिक बँकेकडे येऊ, कारण आज वर्तमानपत्रात ‘कमी उत्पन्न’, ‘निम्न मध्यम’, ‘उच्च मध्यम’, ‘उच्च उत्पन्न’ असं जे छापून येतं ते तिथलं. या रेषा कुठून आल्या? मला वाटलं होतं की मोठमोठ्या विद्वानांनी माणसाला जगायला काय लागतं याचा हिशोब केला असेल. थोडाफार तसा प्रयत्न मुळाशी होताही. उत्पन्न वाढतं तशी बालमृत्यू वगैरेंची स्थिती कशी बदलते ते पाहिलं होतं. पण प्रत्यक्ष रेषा आल्या बँकेच्या कर्जाच्या नियमांतून. गरीब देशात बँकेच्या पैशाने धरण-रस्ता होत असेल तर तिथल्या कंत्राटदाराची निविदा परदेशी कंत्राटदारापेक्षा साडेसात टक्क्यांपर्यंत महाग असली तरी चालायची. ही सूट कोणत्या देशापर्यंत द्यायची याची एक मर्यादा होती. ‘कमी उत्पन्नाचा देश’ कुठे संपतो ती रेषा हीच. म्हणजे मुळात टेंडरची अट! तिच्या वरची रेषा कर्जफेडीच्या मुदतीवरून आली. आणि ‘उच्च उत्पन्ना’ची रेषा १९८९ मध्ये ठरली: १९८७ च्या किमतीने माणशी ६००० डॉलर. खालची तेव्हा होती ४८० डॉलर. त्यानंतर आजपर्यंत या रेषा फक्त महागाईप्रमाणे वर सरकवल्या जातात. जुलै २०२५ च्या यादीत खालची रेषा ११३५ डॉलर होती, मधली ४४९५ आणि वरची १३,९३५.

दरवर्षी १ जुलैला नवी यादी लागते. कॉलेजच्या फळ्यावर निकाल लागावा तशी.

भारताचा निकाल जुलै २००८ मध्ये लागला. २००७ चं आपलं माणशी उत्पन्न बँकेच्या हिशोबाने ९५० डॉलर, आणि रेषा होती ९३५ वर. पंधरा डॉलरांनी आपण ‘कमी उत्पन्ना’तून ‘निम्न मध्यम’ झालो. पंधरा डॉलर म्हणजे तेव्हाचे सहाशे रुपये. आता गंमत बघा. त्या वर्षी रुपया वधारला होता, डॉलर चाळिशीपर्यंत खाली आला होता. बँक तीन वर्षांच्या विनिमयदराची सरासरी घेऊन हे चढउतार बोथट करते हे खरं, तरीही महागड्या रुपयाचा हात या पंधरा डॉलरांत असणारच. कोणाच्या शेतात त्यासाठी एक कणीस जास्त आलं नव्हतं.

घानाची गोष्ट तर याहून मजेशीर. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथल्या सांख्यिकी खात्याने राष्ट्रीय उत्पन्न मोजायचं आधारवर्ष १९९३ वरून २००६ वर आणलं. मधल्या काळात वाढलेले मोबाइल, बँका, दुकानं जुन्या हिशोबात नीट धरलेच जात नव्हते. नवा हिशोब केला तर देशाचं उत्पन्न साठ टक्क्यांनी जास्त निघालं! रात्री गरीब म्हणून झोपलेला देश सकाळी मध्यमवर्गीय म्हणून उठला.

आणि आता ती नैऋत्य आफ्रिका. १९९० साली तिला स्वातंत्र्य मिळालं, नाव झालं नामिबिया. लीगच्या सी तुकडीतला हा देश जागतिक बँकेच्या ‘उच्च मध्यम’ गटापर्यंत पोचला होता. जुलै २०२५ मध्ये तो एक पायरी खाली आला. खाणींचा धंदा मंदावला हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे लोकसंख्येचा आकडा सुधारल्यावर माणसं आधीच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. भागाकारातला खालचा आकडा वाढला, उत्तर कमी आलं. बस्स, एवढंच.

म्हणाल, मग काय बिघडलं? कागदावरच्या रेषा, इकडून तिकडे. इथेच खरी मेख आहे. त्या रेषांवर पैसे लटकलेले असतात.

१९६० मध्ये जागतिक बँकेने गरीब देशांसाठी एक वेगळी शाखा काढली, आयडीए. व्याज नाही, पाऊण टक्का सेवाशुल्क, आणि फेडायला पन्नास वर्षं. भारत तिचा सर्वांत मोठा ऋणको होता. २०१४ मध्ये आपण त्या दारातून बाहेर पडलो. तीन वर्षं थोडी सवलत मिळाली, मग संपली. आपल्यासारख्या मोठ्या देशाला ते झेपलं. लहान देशांचं तसं नसतं. ‘सर्वांत कमी विकसित’ यादीत असलेल्या देशाचा माल २००१ पासून युरोपात बिनजकातीचा जातो, शस्त्रं सोडून सगळा. औषधांच्या पेटंटमधूनही त्यांना सूट आहे. बांगलादेशातला औषधधंदा त्या सुटीच्या आधाराने वाढला. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बांगलादेशाला यादीतून बाहेर काढण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली, तेव्हापासून तिथे अभिमान आणि धास्ती दोन्ही एकदम नांदतायत. शिलाई कारखान्यात मशीनवर बसलेल्या बाईला ‘अभिनंदन, तुमचा देश पास झाला’ म्हणायचं की ‘जपा’ म्हणायचं?

या सगळ्यात माझ्या मनातून जात नाही ती मालदीवची गोष्ट. पर्यटनावर मालदीवचं माणशी उत्पन्न चांगलं वाढलं होतं. आमसभेने ठराव केला की मालदीव आता यादीतून बाहेर पडायला पात्र. ठरावाची तारीख २० डिसेंबर २००४. सहा दिवसांनी, २६ डिसेंबरच्या सकाळी, त्सुनामी आली. ज्या देशाची जमीन समुद्रापासून जेमतेम दीड-दोन मीटर वर, त्या देशावर ती लाट आली. बेपत्ता धरून शंभराच्या आसपास माणसं गेली. नुकसानीचा अंदाज आला ४७ कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या साठ टक्क्यांहून जास्त. माले ही राजधानी बऱ्याच अंशी वाचली ती तिच्याभोवतीच्या भिंतीमुळे. ती भिंत जपानच्या मदतीतून बांधलेली होती.

आमसभेने मग मालदीवची तारीख पुढे ढकलली आणि देश यादीतून प्रत्यक्ष बाहेर पडला तो १ जानेवारी २०११ ला. सामोआचंही जवळपास असंच झालं, २००९ च्या त्सुनामीनंतर त्याची तारीख पुढे गेली. सरासरी उत्पन्नाने मालदीव २००४ मध्ये खरोखरच पास झाला होता, आकड्यात काही खोट नव्हती. पण पास होणं आणि सुरक्षित होणं या दोन गोष्टी वेगळ्या. निकषांत पहिल्यापासून फक्त उत्पन्न न धरता, देश किती धोक्यात आहे हेही मोजायला हवं, असं लहान बेटांचे देश सांगत होते ते यासाठीच. हा निकष कागदावर तेव्हाही होता आणि मालदीव त्यात नापास होता. तरीही बाहेर पडायला तीनपैकी दोन विषयांत पास होणं पुरत होतं!

उलटं उदाहरण इक्वेटोरियल गिनीचं. तेल सापडलं, सरासरी आकाशाला भिडली, आणि २०१७ मध्ये देश निव्वळ उत्पन्नाच्या जोरावर यादीतून निघाला. शिक्षण-आरोग्याचे आकडे मात्र मागेच होते. तेलाचा पैसा कुणाच्या खिशात गेला हे सरासरीला दिसत नाही. माझ्याकडे दोन भाकऱ्या आणि तुमच्याकडे एकही नाही, तर सरासरी प्रत्येकी एक भाकरी. सरासरीप्रमाणे तुम्ही जेवलात.

अमर्त्य सेन आणि त्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र, पाकिस्तानचे महबूब उल हक, यांना हेच खटकत होतं. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या मानव विकास अहवालात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र करून नवा निर्देशांक आला. एवढी गुंतागुंत एका आकड्यात कोंबणं सेन यांना आधी पटत नव्हतं. पण हक यांचं म्हणणं असं की उत्पन्नाच्या एका आकड्याला हरवायचं तर समोर तितकाच सोपा दुसरा आकडा उभा करावा लागेल. तो चालला, आणि त्याचीही पुन्हा चार गटांची यादी झाली. याद्यांपासून सुटका नाही हेच खरं.

आता आपल्याकडे २०४७ पर्यंत ‘विकसित भारत’ व्हायचं ठरलंय. व्हावंच, मला आनंद आहे. पण सुरुवातीला ज्या शिक्का मारणाऱ्या साहेबाला मी शोधत होतो, तो मला अखेर सापडला नाही. ‘विकसित’ असं प्रमाणपत्र देणारी कचेरी जगात नाही. जागतिक व्यापार संघटनेत तर देश स्वतःच सांगतो की मी विकसनशील आहे. जागतिक बँकेने २०१६ मध्ये आपल्या आकडेवारीच्या प्रकाशनात विकसित-विकसनशील ही वाटणीच सोडून दिली. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेने २०२१ मध्ये दक्षिण कोरियाला विकसनशील गटातून काढून विकसित गटात घातलं, पण कोरिया त्याच्या कितीतरी आधी कोरिया झाला होता. बहुतेक लोक ‘विकसित’ म्हणजे बँकेची वरची रेषा धरतात. आपण २०२४ च्या हिशोबाने अडीच हजार डॉलरच्या थोडे वर आहोत. रेषा चौदा हजाराला टेकलीय, आणि तीही दरवर्षी सरकते.

मला वाटतं ते एवढंच. या याद्या गुणवत्ता यादीसारख्या वाचायच्या नसतात. त्या वाटपाच्या याद्या आहेत, आणेवारीसारख्या. कोणाला कर्ज स्वस्त, कोणाला जकात माफ, कोणाला औषध परवडेल, हे ठरवायला केलेल्या. त्यांच्याशिवाय वाटप होणार नाही, म्हणून त्या हव्यातच. चिंतामणरावांना हे १९४४ मध्ये कळलं होतं. फक्त कुठलीही यादी समोर आली की विचारायचं: ही कोणी केली, आणि हिच्यावरून काय वाटलं जाणार आहे? वर सरकलो म्हणून पेढे वाटण्याआधी, काय हातचं गेलं तेही बघायचं. आणि खाली घसरलो म्हणून मान खाली घालण्याआधी, भागाकार तपासायचा.

आणि देश खरंच सुधारला की नाही हे बघायचंच असेल, तर दादाभाईंची पद्धत मला अजूनही सगळ्यात सरळ वाटते. त्यांनी देशाची दुसऱ्या देशाशी तुलना करण्याआधी, मोकळ्या माणसाच्या ताटाची कैद्याच्या ताटाशी तुलना केली. डॉलर नाही, विनिमयदर नाही, आधारवर्ष नाही. सगळ्यात खालच्या माणसाच्या ताटात काय आहे, एवढंच बघायचं. ती रेषा महागाईने सरकत नाही.

असो. फार लांबलं. तात्या असते तर म्हणाले असते, एवढं लिहिण्यापेक्षा पाऊस कसा आहे ते सांग.